‘घरी फक्त इंग्रजीच बोला’

मंडळी, दिंडोरी रोडनं म्हसरूळकडे जाताना शाळांचे बोर्ड वाचायचा मला हल्ली नादच लागलाय. निमाणीपासून सुरुवात केली की तासाभराच्या ट्रॅफिकमध्ये (सिंहस्थाची खोदकामं, अजून काय!) बरीच करमणूक होते. एक शाळा ‘इंटरनॅशनल’, पुढची ‘ग्लोबल’, त्याच्या पुढची ‘वर्ल्ड’. युनिव्हर्स आणि गॅलेक्सी अजून दिसलेल्या नाहीत, पण मेरीच्या पुढे बरेच प्लॉट मोकळे आहेत. :-) प्रत्येक बोर्डावर हसरी पोरं, खाली ‘प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष’. आणि अलीकडे नवीन ओळ आलीये : ‘बायलिंग्वल’.

आता बायलिंग्वल म्हणजे द्विभाषिक. म्हणजे दोन भाषा. मग एक इंग्रजी आणि दुसरी? दुसरी कुठली हे बोर्डावर लिहिलेलं नसतं. बोर्डावर मराठी अक्षर फक्त ‘प्रवेश सुरू’ एवढंच!

हे आठवायचं कारण म्हणजे आमचे भाचेबुवा. वय वर्षं सात, इयत्ता दुसरी, मुक्काम हिरावाडी. ताई आणि दाजी दोघंही नोकरी करतात, त्यामुळे दिवसभर पोरगं दाजींच्या आईकडे. त्या सटाण्याकडच्या. पक्की अहिराणी. त्यामुळे भाचा आमच्याशी मराठी बोलतो, आजीशी अहिराणी, बसमधल्या मित्रांशी हिंदी आणि मॅडमशी इंग्रजी. कुणाशी काय बोलायचं यात त्याची गफलत झालेली मी तरी पाहिलेली नाही.

तर मागच्या टर्मच्या शेवटी शाळेनं ताईला बोलावून घेतलं. (शाळेचं नाव इथे देत नाही, आणि द्यायची गरजही नाही, कारण हाच संवाद गावातल्या निम्म्या आयांनी ऐकलेला असेल.) पोरगं वाचनात मागे आहे, बी आणि डी उलटे काढतो, फळ्यावरून उतरवायला वेळ लावतो, लक्ष नसतं. आणि उपाय? ‘घरी फक्त इंग्रजीच बोला. मराठीमुळे तो कन्फ्यूज होतोय. आणि ते... ग्रँडमदरची लँग्वेज, ती तर बंदच करा.’

ताईनं ते मनावर घेतलं. आई म्हणून कुणीही घेईल. घरात ‘कम फास्ट’, ‘ईट युअर भाजी’ सुरू झालं. दाजींचं इंग्रजी ऑफिसच्या मेलपुरतं, त्यामुळे ते जवळजवळ मुकेच झाले. आणि आजी... आजी नातवाला ‘काय शे रे भो’ म्हणायच्या, त्या सहा आठवडे त्याच्याशी बोलायचं टाळत होत्या. का, तर आपल्यामुळे पोराचं नुकसान नको. सत्तरीतली बाई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या नातवासमोर तोंड बंद ठेवून बसलेली. मला त्या इंग्रजी वाचनापेक्षा याची जास्त चिंता वाटली, खरं सांगतो.

म्हणून मग दोन-तीन वीकेंड बसून यावर जे काही वाचायला मिळालं ते वाचलं. मी शिक्षणतज्ज्ञ नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण एक गोष्ट माझ्यापुरती स्वच्छ झालीये : तो सल्ला चुकीचा आहे. ‘थोडा कडक’, ‘जरा जुना’ वगैरे नाही. चुकीचा.

या सल्ल्यामागचं लॉजिक काय असतं? मेंदू म्हणजे चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. दोन भाषा उघडल्या की हँग होणार. मग एक बंद करा, दुसरी पळेल. ऐकायला पटतं. फक्त भाषा अशा चालत नाहीत. कॅनडात २००३ साली पॅराडिस, क्रॅगो, जेनेसी आणि राइस या अभ्यासकांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता. ज्या मुलांना मुळातच भाषा शिकायला अडचण आहे अशी सातेक वर्षांची मुलं. काही घरात फ्रेंच-इंग्रजी दोन्ही बोलणारी, काही फक्त इंग्रजी, काही फक्त फ्रेंच. दोन भाषावाल्यांचं व्याकरण एका भाषावाल्यांपेक्षा जास्त बिघडलेलं असायला हवं होतं ना? नव्हतं. अडचण होती, पण तेवढीच होती. दुसऱ्या भाषेनं ती वाढवलेली नव्हती. मुलं थोडीच होती त्या अभ्यासात, हे मान्य. पण नंतर डाउन सिंड्रोम असलेल्या आणि ऑटिझम असलेल्या मुलांवर जे अभ्यास झाले त्यांतही चित्र साधारण असंच निघालं. ‘एक भाषा काढून टाकली की दुसरी सुधारते’ असं दाखवणारं काही मला तरी सापडलं नाही.

उलट नुकसान मात्र दिसतं. टोरांटोचे जिम कमिन्स १९७९ पासून एक फरक सांगत आलेत. गप्पा मारण्याची भाषा वेगळी आणि धडा समजून घेण्याची भाषा वेगळी. नव्या भाषेत गप्पा मारायला मूल साधारण दोन वर्षांत शिकतं. पण त्याच भाषेत विचार करायला, कारण द्यायला, गणितातलं शाब्दिक उदाहरण सोडवायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि ही दुसरी गोष्ट पहिल्या भाषेत पक्की असेल तर ती नव्या भाषेत आपोआप बरीचशी येते. ‘जास्त’, ‘कमी’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’ हे एकदा कळलं की कळलं. त्याची इंग्रजी नावं नंतर चिकटवता येतात.

आता भाचेबुवांचा हिशेब करा. पोरगं नर्सरीपासून इंग्रजीत आहे म्हणजे चार-पाच वर्षं झाली. गप्पा येतात. ‘मे आय गो टू वॉशरूम’ फाडफाड. म्हणून मॅडमना वाटतं, इंग्रजी तर येतंय, मग वाचत का नाही? म्हणजे नक्की याच्यातच काहीतरी कमी. आणि दुसरीकडे, ज्या भाषेत त्याला ‘का’ आणि ‘कसं’ विचारता येत होतं, ती आपण घरातून काढून टाकायला निघालो. घरचं इंग्रजी काय तर ‘ईट युअर भाजी’. आजी जी गोष्ट सांगतात तिच्यात कोल्हा फसवतो, मग पकडला जातो, मग सारवासारव करतो. चाळीस मिनिटं चालते ती गोष्ट! भाषा शिकायची जागा ती आहे. सहा शब्दांच्या ऑर्डरी नव्हेत.

इथे माझे मित्र एक उदाहरण हमखास फेकतात. ‘अरे, परदेशात मुलं दुसऱ्या भाषेच्या शाळेत जातात, काही होत नाही.’ खरंय. सगळ्यात गाजलेला प्रयोगही तसाच आहे : १९६५, क्विबेकमधलं सेंट लँबर्ट गाव. इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी हट्टानं आपली मुलं बालवाडीपासून फ्रेंचमध्ये शिकवायला लावली. वॉलेस लँबर्ट आणि मंडळींनी त्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. मुलांचं फ्रेंच छान झालं आणि इंग्रजीही कमी पडलं नाही. पण का नाही पडलं? कारण घरात इंग्रजी, टीव्हीवर इंग्रजी, दुकानाच्या पाट्या इंग्रजी, मोठेपणी नोकरी देणारा साहेबही इंग्रजी. त्या भाषेला कुणी धक्का लावणं शक्यच नव्हतं. शिवाय शाळेतही काही वर्षांनी इंग्रजीचे तास सुरू व्हायचे. लँबर्टनीच पुढे सांगितलं की दुसरी भाषा पहिलीत भर घालते तो एक प्रकार, आणि पहिलीला ढकलून तिची जागा घेते तो वेगळा प्रकार. आपल्याकडच्या शाळा पहिल्या प्रकारची पुण्याई सांगून दुसरा प्रकार विकतात.

असो. आता वाचनाचा मुद्दा. माझ्या मते हा जास्त महत्त्वाचा आहे आणि यावर कुणी बोलतच नाही.

आमच्या धंद्यात बग आला की पहिला प्रश्न : दुसऱ्या मशीनवर येतो का? एकाच मशीनवर येत असेल तर कोडला शिव्या घालण्याआधी त्या मशीनचं सेटिंग बघा. दोन्हीकडे येत असेल तर मात्र आत काहीतरी आहे. मग पोराचं वाचन दोन भाषांत का तपासत नाही कुणी? भाच्याला शाळेनं जे काही ‘असेसमेंट’ केलं ते पूर्ण इंग्रजीत. मराठीत वाचतो का, हे विचारलंसुद्धा नाही.

आणि दोन भाषांत फरक पडतो, खूप पडतो. १९९९ साली वायडेल आणि बटरवर्थ यांनी एका सोळा वर्षांच्या मुलाची केस छापली. शास्त्रात त्याला नुसतं ‘ए. एस.’ म्हणतात. बाबा ऑस्ट्रेलियन, आई इंग्लिश, घरात इंग्रजी, पण वाढला जपानमध्ये आणि शाळा जपानी. हा मुलगा जपानी उत्तम वाचायचा. आणि इंग्रजी, म्हणजे त्याची मातृभाषा, त्यात डिस्लेक्सिक. इतका की त्याचं इंग्रजी वाचन जपानी वर्गमित्रांपेक्षाही कच्चं. मुलगा तोच, मेंदू तोच. फरक लिपीचा. इंग्रजीत ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं ‘टफ’मध्ये एक आवाज करतात, ‘थ्रू’मध्ये दुसरा, ‘दो’मध्ये तिसरा. आवाज आणि अक्षर यांची सांगड घालण्यातच ज्याला त्रास आहे त्याच्यासाठी याहून वाईट लिपी शोधून सापडणार नाही.

मग देवनागरी सोपी का? अर्धी सोपी. क म्हणजे क, कायम. पण अक्षरं किती ते बघा : व्यंजनं, बाराखडी, वर जोडाक्षरं. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि ऐकू नंतर येते. रफार तर डोक्यावर जाऊन बसतो. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत अभ्यास करून २००७ मध्ये दाखवलं होतं की अशा लिप्यांत सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथी उजाडते. म्हणजे दुसरीतलं पोर जोडाक्षराला अडखळलं तर घाबरायचं कारण नाही, आणि इंग्रजीचं मोजमाप जसंच्या तसं मराठीला लावूनही चालत नाही.

चांगली गोष्ट अशी की यासाठी आपल्याकडे साधन आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं बनवलेलं ‘डाली’. २०१५ मध्ये आलं, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत. मराठीत, मंडळी! भारतीय मुलांसाठी, भारतीय मुलांवर तपासून केलेलं. किती शाळांच्या बोर्डावर ‘वैयक्तिक लक्ष’ आहे आणि त्यातल्या किती जणांनी याचं नाव ऐकलंय, हा अभ्यासाचा विषय होईल. अर्थात, ज्या मुलाला मराठी धड शिकवलंच नाही त्याची मराठी चाचणी घेऊन ‘दोन्हीकडे बग आहे’ म्हणणंही चूकच. तपासणाऱ्याला आधी विचारावं लागतं की याला कुठल्या भाषेत किती शिकवलंय. हा प्रश्न फुकट आहे, मशीन लागत नाही.

‘वैयक्तिक लक्ष’ या शब्दाबद्दल अजून थोडं. २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ आला आणि एका रात्रीत सगळ्यांना डिस्लेक्सिया कळला. महाराष्ट्रात मात्र त्याच्या आधीपासून, १९९६ पासून, अशा मुलांना दहावीत सवलती आहेत. जादा वेळ, लेखनिक, एखादी भाषा सोडायची मुभा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अध्ययन अक्षमता अधिकृत यादीत आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं आकडाही ठरवून दिला : प्राथमिकमध्ये अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्याच्यावरच्या वर्गांत पंधरामागे एक. कागदावर आपण बरेच पुढे आहोत. प्रत्यक्षात भाच्याच्या शाळेतल्या ‘स्पेशल एज्युकेटर’ मॅडम आठवड्यातून एकदा येतात. आणि इकडे नगरपालिका, झेडपीच्या शाळा बघाल तर एकेका विशेष शिक्षकाच्या गळ्यात इतक्या शाळा असतात की बिचाऱ्याचा दिवस गाडीवरच जातो.

आणि ती भाषा सोडायची मुभा... तिथेही गंमत आहे. इंग्रजी शाळेतल्या मुलाला भाषांचा त्रास होतो म्हटल्यावर पहिली विकेट कुणाची पडते? मराठीची. कारण ती ‘एक्स्ट्रा’. काही मुलांना या मुभेची खरोखर गरज असते आणि ती मिळायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण जी भाषा मूल जगतंय तीच ओझं म्हणून उतरवायची आणि जी कळत नाही ती ठेवायची, हे सगळ्यांना इतकं नैसर्गिक कसं वाटतं?

बरं, ‘इंटरनॅशनल’ म्हणजे काय याची तरी खरी गोष्ट बघू. जिनिव्हाची इंटरनॅशनल स्कूल १९२४ ची. राष्ट्रसंघाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी निघाली. दोन भाषा : इंग्रजी आणि फ्रेंच. दोन्ही खऱ्या. १९५३ मध्ये लक्झेंबर्गला पहिली युरोपियन स्कूल निघाली, वेगवेगळ्या देशांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी. तिथला नियम मला फार आवडला. मुलानं प्राथमिक शिक्षण आपल्या भाषेच्या विभागात घ्यायचं आणि पहिलीपासूनच दुसरी भाषा सोबत शिकायची. जर्मन पोरगं जर्मनमध्ये, इटालियन पोरगं इटालियनमध्ये, आणि खेळायला सगळी एकत्र. याला इंटरनॅशनल म्हणतात. आपल्याकडे मुलाची भाषा गेटवर काढून ठेवायची, चपलेसारखी, याला म्हणतात.

आणि असं नाही की हे इथे कुणाला सुचलंच नाही. राज्य सरकारनंच २०१८ मध्ये महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं होतं. विनोद तावडे शिक्षणमंत्री होते. पहिल्या फेरीत तेरा शाळा, त्यात शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा. मराठी माध्यमाची झेडपी शाळा आणि आंतरराष्ट्रीय मंडळ! पालक प्रवेशासाठी रांगा लावत होते, खेड्यातल्या सरकारी शाळेत. पुढे सरकार बदललं आणि २०२० मध्ये मंडळ गुंडाळलं गेलं. त्याच्या कारभारावर आक्षेप होते, असतीलही बरोबर. पण दोन वर्षांत कुठलाही अभ्यासक्रम सिद्ध होत नाही आणि खोटाही ठरत नाही. आम्ही एखादं सॉफ्टवेअर सहा महिने बीटामध्ये ठेवतो, हे तर पिढ्यांचं काम. २०२२ मध्ये मुंबई महापालिकेनं विलेपार्ल्याला आयबीची आणि माटुंग्याला केंब्रिजची शाळा सुरू केली, फी नाही. प्रयोग म्हणून उत्तमच. पण मराठी आणि आंतरराष्ट्रीय हे दोन शब्द एका वाक्यात आणायचा धीर जो २०१८ ला झाला होता, तो पुन्हा दिसला नाही.

मला स्वतःला मात्र सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं ते फलटणचं. कमला निंबकर बालभवन. ज्यांच्या नावानं ही शाळा आहे त्या कमलाबाई मूळच्या अमेरिकन. लग्न करून इकडे आल्या आणि १९५० मध्ये मुंबईत केईएमला भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं शिक्षण त्यांनी सुरू केलं. ज्या शास्त्राच्या नावावर आज पुण्या-नाशकात तासाला पैसे मोजून मुलांच्या पेन्सिल धरायच्या पकडीवर काम होतं, ते शास्त्र इथे आणणारी बाई! आणि शाळा उभी केली मॅक्सीन बर्नसन यांनी. त्याही अमेरिकन, भाषाशास्त्रज्ञ, पीएचडीच फलटणच्या मराठीवर. पुढे भारतीय नागरिकत्व घेतलं. आता बघा, दोन अमेरिकन बायका, दोघींची मातृभाषा इंग्रजी, आणि त्यांच्या नावाशी जोडलेली शाळा मराठी माध्यमाची. गावातली सगळ्या थरांतली मुलं एकत्र, बोलीभाषेसकट. मूल घरून जी भाषा घेऊन येतं ती चूक नाही, सुरुवात आहे, हा पाया. इंग्रजी शिकवायचं नाही असं नाही, नीट शिकवायचं, वेळ आल्यावर. यात इंटरनॅशनल नसलेलं काय आहे सांगा? फक्त बोर्डावर लिहिलेलं नाही.

आपल्या नाशकातही आनंद निकेतन आहेच, मराठी माध्यमाची प्रयोगशील शाळा. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेलं सृजन आनंद आहे. पण अशा शाळा एका हाताच्या बोटांवर आणि त्याही गावाच्या एका टोकाला. पंचवटीतनं सात वर्षांचं पोर गंगापूर रोडच्या बाजूला रोज नेणार कोण? पालक मूर्ख नाहीत. जवळच्या मराठी शाळेत पटसंख्या घसरलेली, एका वर्गात दोन इयत्ता, मास्तर निवडणुकीच्या कामाला. अशा वेळी कुणी ‘इंग्लिश मीडियम’ला गेलं तर त्याला भाषाद्रोही म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यांची स्वतःची मुलं कुठे आहेत हे बहुतेक वेळा विचारायची सोय नसते.

आता हमखास येणारी कॉमेंट : ‘तू इंग्रजीच्या जिवावर खातोस आणि आम्हाला मराठी शिकवतोस?’ हो, इंग्रजीच्या जिवावर खातो. पण मी पंचवटीतल्या मराठी शाळेतला. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० पासून मराठी शाळांत पहिलीला इंग्रजी आलं, म्हणजे माझी बॅच पहिलीपासून ए बी सी डी गिरवतच वाढली. वरच्या वर्गात गणित-विज्ञान इंग्रजीतून, सेमी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला उच्चारांवरून हसले लोक. दुसऱ्या सेमिस्टरला त्यांना असाइनमेंट हवी होती. :-) गुण माझा नाही. अपूर्णांक मला मराठीत कळले होते, एकदाच, कायमचे. ‘फ्रॅक्शन’ हा शब्द नंतर पाच मिनिटांत आला.

सरकार काय करतंय? २०२० मध्ये कायदा केला की राज्यातल्या सगळ्या शाळांत, कुठल्याही बोर्डाच्या, मराठी शिकवायचीच. भाच्याच्या शाळेत ती शिकवतात : आठवड्याला मोजके तास, बहुतेक वेळ फळ्यावरून उतरवणं. कायदा पाळला गेला, भाषा राहिली बाजूला. मग एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणायचा आदेश निघाला, केवढं रामायण झालं ते आठवत असेलच, आणि २९ जूनला दोन्ही आदेश मागे घेतले गेले. मागे घेतले हे चांगलंच झालं. पण त्या तीन महिन्यांच्या आरडाओरड्यात सगळे भांडत होते ते किती भाषा आणि कुठल्या भाषा यावर. मूल वाचायला कुठल्या भाषेत शिकणार, आधी कुठल्या आणि नंतर कुठल्या, अडखळलं तर कोण बघणार, हे कुणाच्या भाषणात ऐकलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम २९ मध्ये, शक्य तिथे मातृभाषेतून असं लिहिलंय. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून असं लिहिलंय. ‘शक्य तिथे’ या दोन शब्दांतून सगळ्या स्कूलबस आरामात निघून जातात.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात पुढच्या चार-पाच वर्षांत हा विषय येणार (लग्न झालेल्यांच्या, बाकीच्यांनी माझ्यासारखं भाच्यांवर भागवावं). तेव्हा ॲडमिशनला गेलात तर स्विमिंग पूल बघू नका. विचारा, मॅडम, मूल रडलं आणि मराठीत काही सांगायला लागलं तर वर्गात समजणारं कोण आहे? मराठीच्या बाई पूर्णवेळ आहेत का, आणि त्यांचा पगार इंग्रजीच्या बाईंइतका आहे का? (हा विचारा आणि चेहरा बघा.) विशेष शिक्षक आठवड्यात किती दिवस असतात? मूल मागे पडतंय असं वाटलं तर तपासणी कुठल्या भाषेत करता? आणि घरी कुठली भाषा बोलायची यावर शाळेचं म्हणणं काय? या शेवटच्या प्रश्नाला ‘इंग्लिश’ असं उत्तर आलं तर बाकीची उत्तरं कितीही गोड असोत, मी तरी उठेन.

ताईनं शाळा बदललेली नाही. मध्यावर कुठे घेणार, आणि फी भरून झालीये. पण तिनं मॅडमना भेटून सांगितलं की घरात आम्ही आमच्या भाषेत बोलणार, इंग्रजी गोष्टीचं पुस्तक रोज एक वाचू, आणि तपासणी दोन्ही भाषांत करून आणू. मॅडमनी ‘ॲज यू विश’ म्हटलं. त्यांच्या वर्गात चाळीस पोरं आहेत, त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही, त्यांनाही कुणीतरी हेच शिकवलेलं. प्रमाणपत्राच्या भानगडीत आताच पडायचं नाही असं ठरलंय, आठ वर्षांच्या आत ते सहसा देतही नाहीत.

मराठीत तपासणी करणारं माणूस नाशकात शोधताना मात्र घाम निघाला. तीन ठिकाणी फोन केले. दोन ठिकाणी फक्त इंग्रजी. तिसरीकडे ‘मराठीत करतो, पण सहसा कुणी मागत नाही’ असं उत्तर आलं. पुढच्या महिन्यातली तारीख मिळालीये. काय निघेल माहीत नाही. कदाचित खरंच काही असेल, मग त्यावर काम करू. तुमच्या ओळखीत मराठीतून वाचनावर काम करणारं कुणी असेल, नाशिक, निफाड, सिन्नर कुठेही, तर जरूर कळवा. दाजी गाडी घेऊन तयार आहेत, आणि आजींनी कोल्ह्याची गोष्ट जिथे तोडली होती तिथून पुढे सुरू केलीये.